आधी निरीक्षक, मग दुर्बीण

शाळेत आकाश कसं शिकवावं, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन बसतो. एका बाजूचं म्हणणं असं, की प्रत्येक शाळेला दुर्बीण द्या. पोरांनी एकदा शनीची कडी पाहिली की विज्ञानाची गोडी आपसूक लागेल. दुसरी बाजू म्हणते, दुर्बिणीचा हट्ट आता सोडा. फोन वर धरला की ताऱ्याचं नाव पडद्यावर येतं, अवकाशातल्या दुर्बिणींची छायाचित्रं घरबसल्या मिळतात, मग मुलांना रात्री अंधारात ताटकळत कशाला ठेवायचं? दोघांचं भांडण मुलांनी आकाश कशातून पाहावं यावर चाललंय. पाहून झाल्यावर वहीत काय उतरवायचं, ते चुकलं तर कसं ओळखायचं आणि हे शिकवणारं माणूस कुठून आणायचं, हे प्रश्न दोन्हीकडून वगळले जातात. माझं मत असं: शाळेला आधी आकाशाचा नाद असलेला, स्वतः नियमित नोंदी करणारा विज्ञानशिक्षक हवा. त्याच्याकडे काठी, ओळंबा आणि वही असली तरी पहिलं वर्ष निभतं. दुर्बिणीचा नंबर त्यानंतर. क्रम उलटा केला की दुर्बीण कपाटात जाते आणि तिच्या किल्लीची जबाबदारी तेवढी शिक्षकाच्या गळ्यात पडते.

दुर्बीणवाल्यांचा मुद्दा हलका नाही. शनी पहिल्यांदा पाहणारी माणसं नळीच्या तोंडाशी चित्र चिकटवलंय का, म्हणून वाकून बघतात. हे कुठल्याही आकाशदर्शनात घडतं आणि त्यात मोठी माणसंही असतात. छापील चित्राला ही ताकद नाही. एका नजरेने आयुष्याची दिशा बदलल्याची उदाहरणं खगोलशास्त्रात खरोखर आहेत. पण ती सांगताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते: त्या नजरेनंतर कुणीतरी त्या मुलाला दुसऱ्या रात्रीही बोलावलेलं असतं. शाळेतल्या दुर्बिणीच्या नशिबी ती दुसरी रात्र किती वेळा येते?

समजा शाळेने 114 मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेतली. खोक्यावर 500 पट असं ठळक छापलेलं असतं. व्यवहारात व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट, म्हणजे सव्वादोनशेच्या पुढे प्रतिमा नुसती फुगते आणि मळते. हवा अस्थिर असेल तर शंभराच्या पुढेही जाण्यात अर्थ नसतो. फाइंडर, म्हणजे नेम धरायची वरची छोटी दुर्बीण, मुख्य नळीशी जुळवलेला नसतो. ते काम दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून, अर्धा-एक किलोमीटरवरच्या मनोऱ्याच्या टोकावर करायचं असतं. रात्री, मुलं रांगेत उभी असताना नाही. दुर्बीण खोलीतून बाहेर काढून लगेच डोळा लावला, तर कोमट आरशावरून उठणारी हवा ग्रहाला उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखी हलवते; अर्धा-पाऊण तास ती बाहेर ठेवावी लागते. आणि कार्यक्रम हमखास गच्चीवर ठरतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो आणि चाळीस मुलांच्या पावलांनी हादरतही असतो. खालचं गवताचं मैदान कधीही बरं, पण गच्ची ‘आकाशाच्या जवळ’ वाटते, त्याला काय करणार.

आता रांग. शंभर पटीवर साधारण अर्ध्या अंशाचं आकाश दिसतं. ग्रह मधोमध ठेवला तर एका मिनिटात तो कडेला जातो, कारण आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. म्हणजे दर मुलामागे दुर्बीण पुन्हा लावणं आलं. तिपाई डगमगती असेल, तर आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, नाक लागलं तरी ग्रह गायब. पाचव्या मुलाला काळोख दिसतो, सहाव्याला स्वतःच्या पापण्या; आणि दोघंही ‘दिसलं, बाई’ म्हणून पुढे सरकतात, कारण मागचे ढकलत असतात आणि न दिसल्याचं सांगणं म्हणजे आपलीच काहीतरी कमतरता. हा प्रकार ओळखायला एकच उपाय आहे: मुलाच्या हातात पेन्सिल आणि आधीच काढलेलं वर्तुळ द्यायचं आणि कडी कुठल्या बाजूला कललेली दिसली ते काढायला सांगायचं. ज्याला दिसलं नाही त्याला काढता येत नाही. पण हे सुचायला शिक्षकाने स्वतः आयपीसपाशी चित्रं काढलेली असावी लागतात. पाहणं हे शिकावं लागतं, हे पाहणाऱ्यालाच ठाऊक असतं.

गॅलिलिओचं उदाहरण दुर्बीणवाले नेहमी देतात, म्हणून तेच नीट पाहू. 7 जानेवारी 1610 च्या रात्री त्याला गुरूशेजारी तीन बारके ठिपके दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्या रात्री तो काय समजला? स्थिर तारे. दुर्बीण होती, डोळा होता, गुरूचे चंद्र समोर होते, आणि शोध लागला नव्हता. 8 तारखेला तिन्ही ठिपके पश्चिमेला. 9 ला ढग. 10 ला दोनच, तेही पूर्वेला. 13 ला चार. ठिपक्यांच्या जागा त्याने रात्रीमागून रात्र उतरवून घेतल्या म्हणून ते गुरूभोवती फिरतात हे उलगडलं. शोध लागला तो त्या नोंदींच्या ओळीत. एकट्या पहिल्या रात्रीच्या नजरेत तो नव्हता. शाळेच्या वार्षिक आकाशदर्शनाला मुलांना मिळते ती गॅलिलिओची 7 जानेवारी. 8 तारीख त्यांच्या वाट्याला येतच नाही. आणि ही मालिका पुन्हा करायला मोठी दुर्बीणही लागत नाही: 10×50 ची (दहा पट, 50 मिलिमीटरच्या भिंगांची) द्विनेत्री तिपाईवर घट्ट बसवली की गुरूचे चंद्र दिसतात. हातात धरली तर नीट दिसत नाहीत, कारण नाडीच्या ठोक्यानेही ते रेघोट्या होतात. तिपाई नसेल तर भिंतीच्या कोपऱ्याला टेकवावी.

पडद्यावाल्यांकडे वळू. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा एका शाळाशिक्षिकेचाच आहे. 2007 मध्ये हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला ‘गॅलेक्सी झू’ या प्रकल्पात दीर्घिकांची छायाचित्रं वर्गीकृत करताना एका दीर्घिकेखाली एक विचित्र डाग दिसला. हे काय आहे, असं तिने विचारलं, आणि तो आधी माहीत नसलेला वायूचा प्रचंड ढग निघाला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तिने ना दुर्बीण लावली ना रात्र जागवली. मग पडद्यावरून शोध लागत नाहीत, असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. वरच्या इयत्तांना दूरस्थ दुर्बिणींची खरी, कच्ची आकडेवारी मिळत असेल तर ती जरूर वापरावी; ताऱ्यासमोरून ग्रह गेल्याने प्रकाशात होणारी शेकड्याला एकाची घट डोळ्याने कधीच कळणार नाही. पण हॅनीचं काम आणि ॲप वर धरणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिच्यासमोरच्या चित्रात काय आहे हे आधी कुणाला माहीत नव्हतं. ॲपला सगळं माहीत असतं. ते ढगाआडचा ताराही दाखवतं, पायाखालचा सूर्यही दाखवतं, आणि तुमच्या पाहण्याशी त्याचा कधी मतभेद होत नाही. ज्या साधनाशी भांडणच होऊ शकत नाही, त्याच्याकडून मूल निरीक्षण शिकणार कसं?

‘शाळा दिवसा, तारे रात्री’ हा आक्षेप मात्र व्यवहारातला आहे आणि त्याने भलेभले उत्साही शिक्षक गारद झालेत. पालकांची परवानगी, मुलींची घरी परतण्याची सोय, दुसऱ्या दिवशीची सकाळची शाळा: हे अडथळे खरे आहेत आणि ‘आवड असली की सवड मिळते’ म्हणून ते उडवून लावणं हा शुद्ध निर्दयपणा आहे. पण दिवसा आकाश रिकामं असतं, हे गृहीतच चुकीचं आहे. महिन्यातले निदान दहा-बारा दिवस चंद्र शाळेच्या वेळात वर असतो: शुद्ध पक्षात अष्टमीच्या आसपास दुपारनंतर पूर्वेकडे, वद्य पक्षात सकाळी पश्चिमेकडे. अशा सकाळी मुलांना मैदानावर उन्हात उभं करायचं आणि एक पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेने, चंद्राशेजारी दिसेल असा धरायला लावायचा. चंद्राची जी कला, तीच कला चेंडूवर. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचा, आणि पृथ्वीची सावली कुठेही मध्ये नाही. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत पदवीधरांतही घट्ट असते. ती तीन मिनिटांत, एका चेंडूने हलते. हा प्रयोग दुपारी बारा वाजता पौर्णिमेच्या दिवशी करायला निघणारा शिक्षकही असतो, कारण पाठात पौर्णिमा त्या आठवड्यात आलेली असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, हे त्याने स्वतः कधी पाहिलेलं नसतं.

आणि काठीची सावली. पाठ्यपुस्तकात तिला अर्धं पान मिळतं. खरं तर तिच्यात एका सत्राचं विज्ञान आहे. एक मीटरची सरळ काठी सपाट, मोकळ्या जमिनीत रोवायची. ओळंबा दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात लावून ती उभी आहे ना बघायचं. एक अंशही कलली तर टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकतं. सकाळी साडेदहा ते दुपारी दीड, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खिळा किंवा खडूची खूण, शेजारी वेळ. दुसऱ्या-तिसऱ्या खुणेलाच भांडण सुरू होतं: टोक नेमकं कुठे? सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड पुसट होते. सूर्य 45 अंशांवर असताना एक मीटर काठीच्या टोकाशी हा पुसट पट्टा दीड-दोन सेंटिमीटरचा असतो. एक मुलगा गडद भागाच्या शेवटी खूण करतो, दुसरी फिकट भागाच्या. दोघांची घड्याळं बरोबर, काठी बरोबर, आणि आकडे वेगळे. इथे कच्चा शिक्षक ‘मधे कुठेतरी करा’ म्हणून मोकळा होतो. जाणता शिक्षक काठीच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावून त्याला 5 मिलिमीटरचं भोक पाडायला सांगतो. मग जमिनीवर उजेडाचा ठिपका पडतो आणि त्याचा मध्य दोन मिलिमीटरपर्यंत धरता येतो.

यानंतर खरी गंमत. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही. पुस्तकात मध्यान्ह म्हणजे बारा वाजता असं सरळ लिहिलेलं असतं, आणि इथे मुलांच्या खुणा दुसरंच सांगतात. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून जागा जितकी दूर, तितका फरक: अंशाला 4 मिनिटं. तो वजा केला तरी उरतंच काही, कारण सूर्याची चाल वर्षभर घड्याळासारखी एकसारखी नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो घड्याळाच्या 16 मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे. काठीच्या बुडाशी केंद्र धरून सकाळच्या एखाद्या खुणेतून वर्तुळ काढलं आणि दुपारी सावलीचं टोक ते पुन्हा कुठे ओलांडतं ते पाहिलं, तर दोन्ही खुणांमधला कोन दुभागणारी रेघ खरी उत्तर-दक्षिण देते. होकायंत्र तिच्याशी बहुतेक जुळत नाही, आणि तोही पुढचा पाठ. या सगळ्याला किती खर्च आला? काठी, दोरा, पुठ्ठा. आणि काय अडलं असतं? हे आकडे पुस्तकाशी जुळले नाहीत तेव्हा ‘तुमचं चुकलं असेल, पुन्हा करा’ असं न म्हणणारा शिक्षक नसता, तर सगळंच.

शाळेच्या प्रयोगशाळेत मुलं उत्तर ‘बसवायला’ शिकतात, हे कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण 9.8 यायला हवं. मग उलट गणित करून वीस आंदोलनांचे सेकंद लिहिले जातात, आणि सगळ्यांत जुळलेल्या वहीला सगळ्यांत जास्त गुण मिळतात. मुलांचा यात दोष नाही. उत्तर आधीच छापलेलं असेल, तर शहाणं मूल मोजण्यात वेळ का घालवेल? अप्रामाणिकपणाचं इतकं पद्धतशीर शिक्षण दुसऱ्या कुठल्या विषयात मिळत नसेल. अवकाशवेड्या शिक्षकाची खरी किंमत इथे आहे. त्याच्याकडे असे प्रश्न असतात ज्यांचं उत्तर पुस्तकाच्या मागे नसतं, त्यालाही माहीत नसतं, आणि तरीही ते पाचवीच्या मुलाला झेपतात.

उदाहरण घ्या मृगातल्या लालसर काक्षीचं. 2019 च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत नेहमीच्या सुमारे 0.5 प्रतीवरून 1.6 च्या आसपास उतरला (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). हे पाहायला काहीच लागत नव्हतं; डोळे पुरे. त्याची प्रत ठरवायची रीत अशी: जवळच्या प्रश्वा ताऱ्याची प्रत 0.4, रोहिणीची 0.9. या दोघांच्या मधलं अंतर मनाने पाच भागांत वाटायचं. काक्षी प्रश्वापेक्षा तीन भाग मंद आणि रोहिणीपेक्षा दोन भाग तेजस्वी वाटला, तर 0.7. एवढंच. चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं तर तो डोळ्यात तेजस्वी होत जातो, म्हणून ओझरती नजर टाकत आलटून पालटून पाहायचं. तारा क्षितिजापासून 10 अंशांवर असेल तर हवाच त्याची जवळपास एक प्रत खाते, म्हणून तो निदान 30 अंश वर येईपर्यंत थांबायचं आणि तुलनेचे तारेही साधारण त्याच उंचीचे घ्यायचे. शेजाऱ्याचा आकडा ऐकायचा नाही. आधी लिहायचं, मग बोलायचं. नवशिक्यांच्या अंदाजांत तीन दशांशांचा फरक सहज पडतो. वर्गातल्या तीस मुलांचे तीस आकडे फळ्यावर मांडले की सरासरी म्हणजे काय, मध्यक कशाला, एखादा आकडा फार लांब गेला तर तो पुसायचा की ठेवायचा, हे सगळं शिकवायला वेगळा पाठ लागत नाही. खाडाखोड चालते, खोडरबर नाही. एका रेघेने काटायचं, खालचं वाचता आलं पाहिजे.

‘अशा बाळबोध मोजमापाला आता कोण विचारतं?’ असं विचारणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की मोठ्या सर्वेक्षण दुर्बिणींना तेजस्वी तारे झेपतच नाहीत. त्यांच्या कॅमेऱ्यात ते जळून पांढरे होतात. डोळ्याला दिसणाऱ्या ताऱ्यांचा हिशेब ठेवण्याचं काम त्यामुळे लहान साधनांकडे आणि हौशी माणसांकडेच उरतं. चंचल, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना 1911 पासून जगभरच्या अशा नोंदी गोळा करत आली आहे. सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी तिच्याकडे 37,000 हून अधिक निरीक्षणं पाठवली होती. त्यांच्याजवळ कुठली विद्यापीठाची पदवी होती? आणि जॉन गुडरिक? लहानपणीच बहिरेपण आलेला हा इंग्लिश मुलगा 1782 च्या हिवाळ्यात ययाती तारकासमूहातल्या मायावतीचे चढउतार नोंदवू लागला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढच्या मेमध्ये त्याने तिचा आवर्तकाळ मांडला आणि एखादी काळोखी वस्तू तिच्यापुढून जात असावी, असं एक कारणही सुचवलं. रॉयल सोसायटीने त्याला त्याच वर्षी कोपली पदक दिलं.

मायावती शाळेसाठी तर बेतूनच दिल्यासारखी आहे. 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तिला ग्रहण लागतं, पाच तास उतार, पाच तास चढ, 2.1 वरून 3.4 पर्यंत. म्हणजे दर तिसऱ्या रात्री किमान तेज सव्वातीन तास आधी येतं: एकदा मध्यरात्री झालं, तर तीन दिवसांनी रात्री नवाच्या आत. मुलं आपापल्या अंगणातून साडेसात, आठ, साडेआठ असं पाहू शकतात. शाळेत यायचीही गरज नाही. तुलनेला देवयानीतला अल्माक, 2.1, आणि ययातीतलाच एप्सिलॉन, 2.9. फसगत व्हायची जागा एकच: शेजारचा रो हा तारा दिसायला सोयीचा, पण तो स्वतःच चंचल आहे. त्याच्याशी तुलना केलेली वही वाया. अशा बारीकसारीक गोष्टी शिक्षक-पुस्तिकेत घालता येतात, पण पुस्तिका वाचून कुणी रात्री साडेआठला बाहेर येत नाही. शिक्षक स्वतः तेव्हा वर पाहत असतो, हे मुलांना माहीत असलं की येतात.

शहरी उजेडाचा आक्षेप मला फारसा अडत नाही. चंद्र, सूर्य, ग्रह आणि वर सांगितलेले तारे उजेडातूनही दिसतात, आणि उजेड हीच मोजायची गोष्ट करता येते: मृगाच्या चौकोनात किती तारे दिसतात ते डोळे वीस मिनिटं अंधाराला सरावल्यावर मोजायचं, दर महिन्याला अमावस्येच्या आसपास, त्याच जागेवरून. ‘ग्लोब ॲट नाइट’ हा उपक्रम 2006 पासून याच धर्तीवर चालला आहे.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे: छंदावर धोरण आखता येतं का? शिक्षकांची नेमणूक काही त्यांच्या रात्रीच्या उद्योगांवरून होत नाही. एका शाळेत असा शिक्षक असेल, दहांत नसेल, मग त्या दहांतल्या मुलांचं काय? दुर्बीण निदान सगळ्यांना सारखी वाटता येते. या युक्तिवादातली न्यायाची तळमळ मला मान्य आहे. पण वापरता न येणारी वस्तू सारखी वाटली म्हणून संधी सारखी वाटली गेली असं होत नाही. आणि शिक्षकाने आपला विषय स्वतः करावा, ही अपेक्षा इतर विषयांत आपल्याला जगावेगळी वाटते का? न गाणाऱ्याला गायन शिकवायला आपण ठेवत नाही. मग ज्याने शिक्षणक्रम संपल्यापासून एकही मोजमाप केलेलं नाही, त्याच्या हाती विज्ञान द्यायला आपली हरकत का नसते?

आणि हा जोडधंदा माणसाला अशक्य आहे, असंही नाही. 1983 च्या मे महिन्यात पृथ्वीपासून जेमतेम 47 लाख किलोमीटरवरून एक धूमकेतू गेला. एवढ्या जवळून त्याआधी दोनशे वर्षांत कुठलाच धूमकेतू गेलेला नोंदलेला नव्हता. त्याला आयरस–अराकी–अल्कॉक म्हणतात. पहिलं नाव उपग्रहाचं. उरलेली दोन्ही शाळाशिक्षकांची. जॉर्ज अल्कॉक तेव्हा निवृत्त होते आणि त्यांनी तो घराच्या खिडकीतून, द्विनेत्रीने पाहिला. पाच धूमकेतू आणि पाच नवतारे (अचानक उजळणारे तारे) त्यांच्या नावावर आहेत. हजारो ताऱ्यांच्या रचना त्यांनी पाठ केल्या होत्या, म्हणून नवा पाहुणा लगेच खटकायचा. प्रत्येक शाळेला अल्कॉक मिळणार नाही, हे उघड आहे. तसा आग्रहही नाही. आठवड्याला वीस मिनिटं वर पाहून चार ओळी लिहिणारा शिक्षक पुरतो, आणि तो घडवता येतो: शिक्षक-प्रशिक्षणात एक महिना रोज चंद्राची जागा, वेळ आणि कला नोंदवण्याची सक्ती केली तरी अर्धं काम होतं. महिनाभर चंद्रामागे लागलेला माणूस पौर्णिमेला दुपारी चेंडू घेऊन मैदानावर जाणार नाही.

ज्या शाळेत असा शिक्षक आहे तिथे त्याचं होतं काय, हेही बोललं पाहिजे. त्याचा छंद शाळेला दोन प्रसंगी आठवतो: ग्रहण आलं की, आणि पाहुणे आले की. बाकी वर्षभर तो ‘तुमचं ते आकाश सांभाळून अभ्यासक्रम पूर्ण करा’ या सदरात. संध्याकाळचा कार्यक्रम करायचा तर आपल्या वेळातून, दुसऱ्या दिवशी पहिला तास चुकवायचा नाही, मैदानावरचा दिवा बंद करायला कुणाची तरी विनवणी करायची. त्याला हवं ते फार नाही: महिन्यातून दोन सलग तासिका, रात्रीच्या कार्यक्रमानंतरच्या सकाळी उशिरा यायची मुभा, फाटकाची किल्ली, त्या एका दिव्याचं बटण. दुर्बिणीच्या खर्चापुढे हे काहीच नाही, पण यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं, म्हणून बहुधा ते सुचत नसावं.

छंदिष्ट शिक्षकाचा धोकाही आहे, आणि तो त्याच्या टीकाकारांपेक्षा त्याच्या चाहत्यांनी जास्त ओळखायला हवा. अशा माणसाचा वर्ग हळूहळू चार-पाच लाडक्या मुलांचा होतो. तो आपण काढलेली तेजोमेघांची छायाचित्रं दाखवतो, कित्येक तासांचं एक्स्पोजर आणि तितकंच संगणकावरचं काम असलेली. मग तेच मूल आयपीसला डोळा लावतं आणि त्याला राखाडी बोळा दिसतो, कारण मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. हे आधी न सांगणं म्हणजे मुलाला फसवणं. बोलायला लागला की आयपीसच्या बनावटींत रमतो. आणि सवयीने सूर्याच्या बाबतीत ढिला पडतो, हा सगळ्यांत वाईट. यावर औषध वहीचंच आहे: वही वर्गाची असावी, शिक्षकाची नाही. तारीख, मिनिटापर्यंत वेळ, जागा, आकाशाची स्थिती, साधन, तुलनेचे तारे, अंदाज, नोंदवणाऱ्याचं नाव. आणि दर आठवड्याला पाळीने वेगळं मूल. शिक्षक बदलून गेला तरी पुढचा तिथूनच चालू करू शकतो, आणि आधीच्याने काय घोळ घातला तेही त्याला दिसतं.

मग दुर्बीण घ्यायचीच नाही का? घ्यायची, वही वर्षभर चालल्यावर. 150 मिलिमीटरचा आरसा, 1200 मिलिमीटर नाभीय अंतर, जमिनीवर ठेवायची डॉब्सोनियन बैठक. मोटर नको, संगणक नको. 25 मिलिमीटरच्या आयपीसने 48 पट मिळते, साधारण एक अंश आकाश, म्हणजे मधोमध ठेवलेला ग्रह कडेला जायला दोन मिनिटं लागतात. रांगेतल्या दोघा-तिघांचं एका लावण्यात होतं. आणि तिचं पहिलं काम दिवसा, शाळेच्या वेळात: सूर्यावरचे डाग. सूर्य पाहण्यासाठीचा खास फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, चिकटपट्टीने बांधलेला, दर वेळी दिव्यासमोर धरून भोकं तपासलेला. आयपीसला स्क्रूने लावायचे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते फेकून द्यायचे. फाइंडर काढून ठेवायचा. दुर्बिणीपाशी मोठं माणूस शेवटच्या मुलापर्यंत उभं. मग मोजायचं: प्रत्येक गटाला दहा, प्रत्येक डागाला एक, तीन गट आणि अकरा डाग असतील तर 41. दोन मुलांचे आकडे जुळणार नाहीत, कारण गट कुठे संपतो हे ठरवणं सोपं नाही. हाइनरिख श्वाबे हा औषधविक्रेता 1826 पासून असेच डाग मोजत होता, तेही बुधाच्या आतला एक ग्रह सापडेल या आशेने. ग्रह नव्हताच, पण 1843 मध्ये त्याच्या नोंदींतून डागांचं सुमारे दहा वर्षांचं चक्र बाहेर आलं. शाळेची वही तेवढी चालेल न चालेल. पण वर्षअखेरीला ती उघडून पाहावी, आणि पानं कोरी असतील तर दुर्बिणीची मागणी त्या वर्षापुरती बाजूला ठेवावी.